फुटपाथवरून विकलेली क्रांती

‘अंडरग्राऊंड’ या शब्दाचा आपल्याकडे एक अर्थ रूढ आहे. १९४२ साली पोलिसांना चुकवून फिरणारे कार्यकर्ते, साताऱ्याचे पत्रीसरकार, गुप्तपणे छापली जाणारी पत्रके असे चित्र या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे उभे राहते. अमेरिकेतील रॅप संगीतात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथील अंडरग्राऊंड रॅपर लपलेला नसतो. तो भर चौकात उभा असतो, मोठ्याने बोलत असतो, आपल्या गाण्यांची सीडी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात देत असतो. तो भूमिगत ठरतो तो बाजाराच्या हिशेबाने. रेडिओ त्याला वाजवीत नाही, दूरचित्रवाणी त्याला दाखवीत नाही, मोठ्या कंपनीच्या यादीत त्याचे नाव नसते. उघड्यावर उभे असूनही न दिसण्याची ही अवस्था काय असते, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रस्तुत लेखात अशाच एका रॅपरच्या एका अल्बमचा आणि त्याच्या स्वागताचा विचार करावयाचा आहे. रॅपरचे नाव इमॉर्टल टेक्निक. अल्बमचे नाव ‘रेव्होल्युशनरी व्हॉल्यूम टू’. प्रकाशन नोव्हेंबर २००३. हा विचार करताना माझ्यापुढे दोन प्रश्न आहेत. विद्रोहाची भाषा बाजारात चांगली खपते. मग खरा विद्रोह कशावरून ओळखायचा? शब्दांच्या धारेवरून, की त्या शब्दांवर मालकी कोणाची आहे यावरून? आणि दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे : मालकी आपल्या हाती आली म्हणजे मुक्तीचे काम पुरे झाले काय?

१

इमॉर्टल टेक्निक हे घेतलेले नाव. मूळ नाव फेलिपे आंद्रेस कोरोनेल. जन्म १९७८, पेरू देशाच्या राजधानीत, लिमा येथे. १९८० साली त्याचे कुटुंब देश सोडून न्यूयॉर्कला आले आणि हार्लेममध्ये राहू लागले. त्याच वर्षी पेरूमध्ये ‘शायनिंग पाथ’ या संघटनेने सशस्त्र लढा सुरू केला. पुढील वीस वर्षे संघटना आणि सरकारी फौज यांच्या कात्रीत खेडी भरडली गेली. या काळाची चौकशी करणाऱ्या सत्य व समेट आयोगाने ऑगस्ट २००३ मध्ये अहवाल दिला. सुमारे ६९,००० माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, असा त्याचा अंदाज होता. त्यांतील दर चारांपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी एखादी आदिवासी भाषा होती. मरणाऱ्यांत बहुसंख्य कोण होते, हे या एका आकड्यावरून कळते. आपण ज्या अल्बमविषयी बोलणार आहोत, तो या अहवालानंतर तीनच महिन्यांनी बाहेर पडला.

हार्लेम ही न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, ते या वस्तीच्या अगदी शेजारी आहे. कोरोनेल वाढला तो १९८० नंतरच्या हार्लेममध्ये. तेव्हा तेथे ‘क्रॅक’ या स्वस्त कोकेनचा सुळसुळाट झाला होता आणि त्याच्या पाठोपाठ पोलीस व कायदा आले होते. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक विकणाऱ्याला किंवा विक्रीसाठी बाळगणाऱ्याला किमान पाच वर्षांची सक्तीची शिक्षा ठरवली. पूड स्वरूपातील कोकेनसाठी तेवढीच शिक्षा मिळायला ५०० ग्रॅम लागत. माल मुळात एकच. पूड श्रीमंत गोऱ्यांच्या मेजवान्यांत चाले, क्रॅक काळ्यांच्या गल्लीत विकले जाई. एकास शंभर हे प्रमाण २०१० पर्यंत टिकले. त्यानंतर ते एकास अठरा झाले. समान झाले नाही. कायद्याच्या पुस्तकात जात किंवा वर्ण यांचे नाव न घेताही जातीचा न्याय कसा करता येतो, याचा हा नमुना आहे.

कोरोनेल हुशार होता. प्रवेशपरीक्षेच्या चाळणीतून निवडलेल्या मुलांच्या शाळेत तो शिकला, पुढे पेनसिल्व्हेनियात विद्यापीठात गेला. पण मारामाऱ्या सुटल्या नाहीत. मारहाणीच्या गुन्ह्यात त्याला सुमारे वर्षभर तुरुंगवास झाला आणि १९९९ मध्ये तो पॅरोलवर सुटला. त्याला कोणी निरपराध हुतात्मा समजू नये. तोही तसा दावा करीत नाही. तुरुंगात त्याने वाचले, लिहिले. सुटल्यावर न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजात राज्यशास्त्राचे वर्ग केले आणि रॅपच्या सामन्यांत उतरला. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात दोन शाहीर समोरासमोर उभे राहून एकमेकांना जेरीस आणतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे ओळी जागच्या जागी रचाव्या लागतात आणि निकाल समोरची गर्दी देते. या सामन्यांत त्याचे नाव झाले. २००१ साली त्याने कोणत्याही कंपनीशिवाय, पदरच्या पैशांनी पहिला अल्बम काढला आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तो स्वतः विकला.

२

त्याला कंपनी का नको होती, हे समजण्यासाठी या संगीताचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, एका इमारतीच्या सभागृहात कूल हर्क या तरुणाने तबकड्या वाजवल्या. त्या रात्रीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात. सहा वर्षे हे संगीत केवळ वस्तीचे होते. १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी निघाली आणि हे विकता येते, असा शोध व्यापाऱ्यांना लागला. १९८२ च्या ‘द मेसेज’ने वस्तीचे दारिद्र्य गाण्यात आणले. १९८८ पर्यंत ‘पब्लिक एनिमी’सारखा गट उघड राजकीय भाषा बोलत होता आणि ती भाषा मोठी कंपनीच विकत होती.

येथे गोम आहे. कंपनीला क्रांतीचे वावडे नसते. तिला वावडे असते ते मालकी सोडण्याचे. कराराची रीत अशी : कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देते, ध्वनिमुद्रणाचा व जाहिरातीचा खर्च करते आणि मग तो खर्च कलावंताच्या तुटपुंज्या वाट्यातून कापून घेते. खर्च फिटेपर्यंत कलावंताच्या हाती पुढे काही येत नाही. आणि सारे फिटल्यावरही मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला तेथे ‘मास्टर’ म्हणतात, ते बहुधा कंपनीचेच राहते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटता फिटत नाही आणि ऊस कधीच आपला नसतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जगातील बहुतेक ध्वनिमुद्रित संगीत पाच मोठ्या कंपन्यांच्या हाती होते. १९९६ साली अमेरिकेत दूरसंचाराचा नवा कायदा झाला आणि एका मालकाने देशभरात किती रेडिओ केंद्रे ठेवावीत यावरील मर्यादा उठली. ‘क्लिअर चॅनल’ या एका कंपनीकडे चाळीसच्या आसपास केंद्रे होती. काही वर्षांत ती बाराशेच्या वर गेली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर याच कंपनीच्या केंद्रांमध्ये दीडशेहून अधिक गाण्यांची यादी फिरली. ही गाणी सध्या वाजवणे बरे नव्हे, असा तिचा सूर होता. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला होण्याच्या तोंडावर ‘डिक्सी चिक्स’ या गोऱ्या, लोकप्रिय गायिकांच्या गटाने आपल्याच राष्ट्राध्यक्षाची लाज वाटते असे बोलून दाखवले, तर त्यांची गाणी कितीतरी केंद्रांवरून उतरवली गेली. गोऱ्या आणि कोट्यवधींचा धंदा करून देणाऱ्या गायिकांची ही गत. हार्लेमच्या पॅरोलवर सुटलेल्या पोराची कथा काय!

माझे वडील सोलापूर जिल्ह्यातून सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जात आणि दादरच्या फुटपाथवर भीमगीतांच्या पुस्तिका विकत. गाणी त्यांची स्वतःची असत. एका वर्षी एका कॅसेट कंपनीने त्यांची सहा गाणी एकरकमी घेतली. पुढे लग्नांतून, जयंतीच्या मिरवणुकांतून ती गाणी कर्ण्यावर वाजत. पण कॅसेटच्या वेष्टनावर वडिलांचे नाव नव्हते. वडील म्हणत, ‘गाणं लोकांपाशी पोचलं ना, मग झालं.’ मी शिकलो, नोकरीला लागलो, कराराचे कागद वाचायला शिकलो. तेव्हापासून मला हे ‘मग झालं’ पटेनासे झाले आहे. न्यूयॉर्कच्या फुटपाथवरील या माणसाकडे माझे लक्ष गेले, त्याचे कारण हेच आहे.

३

आता प्रत्यक्ष अल्बमकडे वळू. तो वायपर रेकॉर्ड्स या छोट्या स्वतंत्र कंपनीने काढला. प्रारंभीच एक आवाज ऐकू येतो : मुमिया अबू-जमाल यांचा. अबू-जमाल पत्रकार आहेत. पोरवयात फिलाडेल्फियात ब्लॅक पँथर पक्षाचे काम करीत. १९८१ साली एका पोलीस अधिकाऱ्याची हत्या झाली. त्या गुन्ह्यासाठी १९८२ मध्ये त्यांना मृत्युदंड झाला. तो खटला न्याय्य झाला नाही, असे त्यांचे समर्थक सांगत आले. मृत पोलिसाच्या कुटुंबाने आणि पोलीस संघटनांनी ते कधीच मान्य केले नाही. २०११ मध्ये सरकारी पक्षाने मृत्युदंडाचा आग्रह सोडला आणि शिक्षा जन्मठेपेची झाली. अल्बम निघाला तेव्हा ते मृत्युदंडाच्या कोठडीत होते. ज्या माणसाला राज्यसंस्था कायमचा गप्प करू पाहत होती, त्याच्या आवाजाने अल्बम सुरू करणे ही एक भूमिका होती. १९६६ साली ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या त्या पक्षाचे नाव १९७२ साली मुंबईत दलित पँथरने घेतले, हे आपण जाणतोच. एकाच झाडाच्या दोन फांद्या इतक्या दूर जाऊन वाढल्या.

अल्बममधील सर्वांत महत्त्वाची रचना माझ्या मते ‘पेरुव्हियन कोकेन’. हिच्यात एकामागून एक निरनिराळे रॅपर येतात आणि प्रत्येक जण एका पात्राच्या तोंडून बोलतो. पहिला कोकाच्या शेतावरचा मजूर. मग त्याच्यावर हुकूम चालवणारा. मग देशाचा सत्ताधीश, माल अमेरिकेत उतरवणारा बडा व्यापारी, गल्लीत विकणारा, वेष पालटून आलेला पोलीस. पेरूच्या डोंगरातून निघालेले पान हार्लेमच्या गल्लीत आणि तेथून तुरुंगात कसे पोहोचते, याची अख्खी साखळी काही मिनिटांत उभी राहते. प्रत्येक पात्र आपापल्या जागी स्वतःचे समर्थन करते. खलनायक म्हणून एकटा कोणी सापडत नाही. आणि शिक्षा साखळीच्या खालच्या टोकालाच होते. एरवीची रॅप गाणी गल्लीतल्या विक्रेत्याची फुशारकी गात. बातम्या त्याच विक्रेत्याला राक्षस ठरवीत. या रचनेने त्याला साखळीतली एक कडी म्हणून दाखवले. पेरूत जन्मलेला आणि हार्लेममध्ये वाढलेला माणूसच या साखळीची दोन्ही टोके एका मुठीत धरू शकत होता. शोषण ही व्यवस्था असते, कोणा एकाचा दुष्टपणा नव्हे, हे आपण व्याख्यानांतून सांगतो. येथे ते पात्रांच्या तोंडून कळते.

‘द फोर्थ ब्रँच’ या रचनेचा विषय वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी हा आहे. लोकशाहीचा पहारेकरी म्हणवणारी ही संस्था सरकारचीच एक शाखा बनली आहे, असे तिचे म्हणणे. ‘हार्लेम स्ट्रीट्स’मध्ये वस्तीतल्या राबणाऱ्या माणसांचे दिवस आहेत. ‘द मेसेज अँड द मनी’ हे गाणे नसून सरळ भाषण आहे : कलावंताचा मोबदला बुडवणाऱ्यांना दिलेला इशारा. ‘फ्रीडम ऑफ स्पीच’मध्ये मोठ्या कंपनीच्या कराराला नकार आहे, त्यासाठी पिनोकियो या बाहुल्याच्या चित्रपटातील दोऱ्यांविषयीच्या जुन्या गाण्याचा तुकडा वापरला आहे. ‘लीव्हिंग द पास्ट’मध्ये जुने आयुष्य मागे टाकू पाहणारा माणूस स्वतःशी झगडतो. संगीताच्या बाजूने अल्बममध्ये फारशी नवलाई नाही. वाजणे साधे, ठोकळेबाजही आहे. भर शब्दांवर आहे, जसा तो आपल्या जलशांत असे.

४

या अल्बमचे स्वागत कसे झाले? पहिले उत्तर : रेडिओवर झाले नाही. दुसरे उत्तर थोडे आश्चर्याचे आहे. ‘द सोर्स’ हे हिप-हॉपचे सर्वांत वजनदार नियतकालिक. करार न मिळालेल्या नवोदितांसाठी त्यात एक सदर असे. नोव्हेंबर २००२ मध्ये त्या सदरात इमॉर्टल टेक्निकची दखल घेतली गेली. सप्टेंबर २००३ च्या अंकात, म्हणजे अल्बम येण्यापूर्वीच, त्यातील ‘इंडस्ट्रियल रेव्होल्युशन’ या रचनेच्या ओळी त्या महिन्याच्या उल्लेखनीय ओळी म्हणून छापल्या गेल्या. हा मान एरवी बड्या कंपन्यांच्या गायकांना मिळे. मोठ्या कंपन्यांच्या विचारणा आल्या आणि आपण त्या नाकारल्या, असे त्याने वेळोवेळी सांगितले आहे. सीडी हातोहात विकल्या गेल्या, कार्यक्रमांच्या दारात विकल्या गेल्या, त्यांच्या नकला निघाल्या आणि इंटरनेटवरून फिरल्या. विद्यापीठांतून, तुरुंगांतून, स्थलांतरितांच्या संघटनांतून त्याला बोलावणी येऊ लागली. नव्या पिढीतील कितीतरी कार्यकर्त्यांनी साम्राज्यवाद हा शब्द पुस्तकाआधी या अल्बममध्ये ऐकला.

पुढच्या घटनांनीही अल्बमची बाजू घेतली. २६ मे २००४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने संपादकीय टिपण छापून कबुली दिली, की इराकमधील कथित संहारक शस्त्रांविषयीचे आपले युद्धपूर्व वार्तांकन हवे तितके काटेकोर नव्हते. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत अमेरिकी तपास पथकाने शस्त्रांचे साठे सापडले नसल्याचा अहवाल दिला. देशातील सर्वांत प्रतिष्ठित वृत्तपत्राच्या आधी फुटपाथवरील रॅपरने वृत्तपत्रांवर शंका घेतली होती. त्याच्याकडे गुप्त माहिती नव्हती. सत्ता आपल्या वस्तीविषयी कशी खोटे बोलते हे त्याने आयुष्यभर पाहिले होते; परक्या देशाविषयी ती खरे बोलेल, यावर तो विश्वास का ठेवणार?

समीक्षकांचे मत मात्र दुभंगले. काहींना त्याची निर्भीडता भावली. काहींना तो प्रचारकी, एकसुरी वाटला. ‘प्रचारकी’ हा शेरा आपल्या साहित्यानेही पुष्कळ झेलला आहे, म्हणून तो ऐकताच आपण ढाल पुढे करतो. तसे न करता पुढील दोन आक्षेप आपण शांतपणे तपासले पाहिजेत. कारण ते प्रस्थापितांचे आक्षेप नाहीत, आपल्या बाजूचे आहेत.

५

पहिला आक्षेप पुराव्याविषयी. ‘पेरुव्हियन कोकेन’मध्ये अमली पदार्थांच्या व्यापाराशी सत्तेचे लागेबांधे दाखवले आहेत. त्याला आधार आहे. १९८९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या केरी समितीने निकाराग्वातील बंडखोरांच्या पुरवठा यंत्रणेशी अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांचे संबंध असल्याचे नोंदवले. १९९६ मध्ये गॅरी वेब या पत्रकाराने त्यावर लेखमाला लिहिली, तेव्हा मोठी वृत्तपत्रे त्याच्यावरच तुटून पडली. त्याच्या मांडणीत अतिशयोक्ती होती. पण १९९८ मध्ये गुप्तचर यंत्रणेच्याच अंतर्गत अहवालाने असे संशयित लोक तिच्या संपर्कात असल्याचे मान्य केले. येथे गाणे कागदपत्रांच्या भूमीवर उभे आहे. ‘द कॉज ऑफ डेथ’ या रचनेचे तसे नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामागे आपल्याच सरकारचा हात असावा, असा तिचा रोख आहे. २००४ च्या चौकशी आयोगाने सरकारी यंत्रणांची हलगर्जी आणि दुर्लक्षिलेले इशारे यांची लांबलचक यादी दिली. हल्ला मात्र अल कायदानेच घडवला, असा निष्कर्ष काढला. संशयाला पुराव्याची जोड नसली की तो कटाच्या गोष्टीत विरघळतो. आणि कटाची गोष्ट व्यवस्थेला सोयीची असते : चार दुष्ट माणसे खोलीत बसून सारे ठरवतात, असे म्हटले की साखळी दिसेनाशी होते. ज्याने साखळी इतकी नेमकी दाखवली, त्यानेच दुसऱ्या गाण्यात ती सोडून द्यावी, ही खेदाची गोष्ट आहे. बाबासाहेबांनी आपल्याला ग्रंथ चाळायला शिकवले, अफवा पसरवायला नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. या अल्बममध्ये आणि आधीच्या अल्बममध्ये समलिंगी माणसांसाठी शिवीवजा शब्द येतात. प्रतिस्पर्ध्याला हिणवायचे तर त्याला ‘बायकी’ ठरवायचे, ही रॅप सामन्यांची रीत जशीच्या तशी येते. ‘यू नेव्हर नो’ या हळव्या रचनेत नायकाची प्रिया एचआयव्हीने मरते. जीन ग्रे ही स्वतः कसलेली रॅपर. या रचनेत तिच्या वाट्याला ध्रुपद आले, कथा सांगतो तो पुरुष. त्याची सर्वांत गाजलेली रचना पहिल्या अल्बममधील ‘डान्स विथ द डेव्हिल’. टोळीत शिरकाव मिळावा म्हणून एक तरुण एका अनोळखी स्त्रीवरील सामूहिक बलात्कारात सामील होतो. शेवटी ती त्याची आईच निघते. ही खरीच घडलेली हकिगत आहे, अशी अफवा वर्षानुवर्षे फिरली. ऐकणारा हादरतो. पण कशाने हादरतो? ती आई निघाली म्हणून. ती कोणाचीच आई निघाली नसती तर? ज्या क्षणापर्यंत तिला चेहरा नाही, त्या क्षणापर्यंत गाण्याला आणि श्रोत्याला ती एक बाईच असते, प्रसंगातली एक वस्तू. गाण्याचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. तरी स्त्रीचे माणूसपण पुरुषाच्या नात्यावरून ठरवण्याची जुनी खोड त्यातून सुटलेली नाही.

येथेच लेखाच्या आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. या रचनांवर कोणत्याही कंपनीचा दाब नव्हता. कोणी व्यवस्थापक कात्री घेऊन बसला नव्हता. जे शब्द आले ते कवीच्या मनातून मुक्तपणे आले, आणि त्यांत जुनी गुलामगिरीही मुक्तपणे आली. मालकाने लादलेला पूर्वग्रह मालकाबरोबर जातो. आपल्या मनात वस्तीला आलेला पूर्वग्रह जाण्यासाठी दुसरी लढाई लागते. त्याच्या चाहत्यांनी बहुतेक वेळा ही लढाई टाळली. ‘तो इतके मोठे सत्य सांगतो आहे, शब्दांवर काय जाता?’ असा त्यांचा युक्तिवाद असे. आपल्या चळवळीतल्या स्त्रियांनी हा युक्तिवाद कितीदा ऐकला असेल!

६

पुढील इतिहास थोडक्यात असा. २००८ मध्ये ‘द थर्ड वर्ल्ड’ हा अल्बम आला. त्याच्या उत्पन्नातून आणि एका मदतसंस्थेच्या साहाय्याने त्याने अफगाणिस्तानात काबूल येथे अनाथालय उभारण्यास हातभार लावला. त्याच्याच देशाची फौज ज्या भूमीवर लढत होती, तेथील पोरक्या मुलांसाठी हे काम होते. २०११ मध्ये ‘द मार्टर’ हा संग्रह त्याने मोफत वाटला. त्याच शरद ऋतूत न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटवरील धरणे चालू होते आणि तो त्या गर्दीत उभा होता. मूळ ध्वनिमुद्रण स्वतःच्या ताब्यात असल्याखेरीज ते मोफत वाटताही येत नाही. दान करण्याचा अधिकारही मालकीतूनच येतो. दुसऱ्याच्या मालकीच्या गाण्याचे उत्पन्न काबूलला पाठवता आले नसते. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : शब्दांची धार कोणीही विकत घेऊ शकतो, गाणे कोणाच्या हातात राहते, तेथे विद्रोहाची पहिली कसोटी लागते. पहिली, शेवटची नव्हे.

‘रेव्होल्युशनरी व्हॉल्यूम टू’ मी विद्यार्थ्यांना ऐकवतो. ‘पेरुव्हियन कोकेन’ ऐकवून झाल्यावर आपल्या भागातील ऊस, दारू किंवा वाळू यांची साखळी त्यांना लिहायला सांगतो. नंतर ‘डान्स विथ द डेव्हिल’चे कथानक सांगतो आणि वर्गातील मुलींना आधी बोलू देतो. पहिल्या तासाला टाळ्या पडतात, दुसऱ्या तासाला मुले मान खाली घालतात. दोन्ही तास घेतल्याशिवाय हा अल्बम शिकवला असे मी मानत नाही.

वडिलांच्या पुस्तिका आमच्या घरी तयार होत. छापखान्यातून आलेले कागद आई घडी घालून ठेवी आणि एकेका पुस्तिकेला टाचणी मारी. तिला वाचता येत नव्हते. पुढे मी मोठा झालो, तेव्हा एकदा तिने मला एक पुस्तिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायला लावली. पहिली चौदा पाने बाबासाहेबांची, समतेची. शेवटच्या दोन पानांवर लोकांना हसवण्यासाठी घातलेले, बायकोची फजिती करणारे गाणे होते. ती ऐकत राहिली. मग एवढेच म्हणाली, ‘हे बी आपल्याच माणसानं लिवलंय व्हय?’ वडील तेथेच बसले होते. त्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही. पुढच्या सहा डिसेंबरला निघालेली पुस्तिका मात्र चौदा पानांची होती.